पातळी कळते, पाझर कळत नाही

जुलै उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांमधून एक आकडा डोकवायला लागतो. मोरबे एक्क्याऐंशी. चार दिवसांनी त्र्याऐंशी. मग कोणीतरी भज्यांचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, अजून पाच मीटर. अठ्ठ्याऐंशी मीटरला मोरबे धरण भरतं, हे नेरुळ-सीवूड्समधल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालंय. भरलं की पालिकेची मंडळी चौक गावाजवळ धरणावर जातात, नारळ फुटतो, खणानारळानं धरणाची ओटी भरली जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दरवर्षीचाच मथळा असतो: नवी मुंबईकरांची वर्षभराची चिंता मिटली.

ओटी भरायला माझी ना नाही. पाणी आलं की हात जोडावेत, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. पण जिची ओटी भरायची तिची तब्येतही विचारावी की नाही? पातळीचा आकडा सांगतो की धरणाच्या पोटात पाणी किती आहे. ते पाणी अडवून धरणारी भिंत कशी आहे, हे सांगणारा आकडा वेगळा असतो. त्याला पाझर म्हणतात. हा आकडा आपल्या शहरात कोणी पाहिलेला नाही, कोणी विचारलेला नाही आणि कोणी छापलेलाही नाही. तो पातळीच्या शेजारीच रोज प्रसिद्ध व्हायला हवा, एवढंच माझं मागणं आहे. ऐकायला फुटकळ वाटेल. तसं ते नाही, म्हणून हा लेख.

आधी आपलं धरण. मोरबे रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून ते नवी मुंबई महापालिकेनं विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका, असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो, आणि सांगावंच. भोकरपाड्याला पाणी शुद्ध होतं आणि तिथून मोठ्या जलवाहिन्यांतून बेलापूरपासून पुढे सरकत जातं. साठवण १९०.८९ दशलक्ष घनमीटर. रोजचा पुरवठा ४५० दशलक्ष लिटरचा धरलेला. उंची सुमारे ५९ मीटर आणि लांबी तीन किलोमीटरहून जास्त. ही लांबलचक भिंत बहुतांश मातीची आहे. पिकनिकला जाणाऱ्यांना ती भिंत वाटतच नाही. गवत उगवलेली एक लांबट टेकडी दिसते, माथ्यावरून रस्ता जातो, आणि तिच्याकडे पाठ करून लोक पाण्याचे फोटो काढतात.

मातीचं धरण म्हणजे नुसता ढिगारा नव्हे. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो थराथरानं पसरून, पाणी मारून, रोलरखाली दाबलेला. दोन्ही अंगांना मुरुमाचं आवरण. पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून दगडी पिचिंग. तळाशी गाभ्याखाली खंदक खणून तो कातळापर्यंत नेऊन भरलेला. आणि पायथ्याला, कोरड्या बाजूला, दगडांची रास, जिच्यातून पाणी बाहेर येतं. होय, बाहेर येतं. येणारच. मातीच्या धरणातून पाणी झिरपतं ही काही लपवायची गोष्ट नाही. ते कुठून झिरपावं याची वाट इंजिनियरनं आधीच आखून दिलेली असते. पाणी त्या वाटेनं येतंय तोवर ठीक. दुसरी वाट काढली की संपलं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते मित्राच्या सासऱ्यांमुळे. पाटबंधाऱ्यातले निवृत्त शाखा अभियंता, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून साइटवरचा. एका हिवाळ्यात आम्ही रायगडातल्याच एका लहानशा धरणावर गेलो होतो. मी सवयीनं माथ्याकडे चढायला लागलो, तर काका खालूनच ओरडले, "वर काय आहे? वर नुसतं पाणी आहे. इकडे या." पायथ्याशी, करवंदीच्या जाळीमागे, सिमेंटचा एक हौद होता. बादलीभर कपडे भिजवावेत एवढा. त्याच्या एका बाजूला लोखंडी पत्रा आणि पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेतून पाण्याची बोटभर जाडीची धार पडत होती.

"काका, गळतंय की हे!"

"गळणारच. मातीचं धरण गळत नाही असं जो सांगेल त्याला आधी माझ्याकडे पाठवा. किती गळतंय आणि कसलं गळतंय, ते विचारायचं."

त्यांनी खाली बसायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून माझ्याच बाटलीत पाणी धरायला लावलं आणि बाटली उन्हात वर करायला सांगितली. पाणी काचेसारखं नितळ. "हे असं आहे ना, तोवर घरी जाऊन झोपायचं. ज्या दिवशी हे चहासारखं दिसेल त्या दिवशी रात्र इथंच काढायची." चहासारखं पाणी म्हणजे पाण्याबरोबर मातीही येते आहे. धरणाच्या पोटात कुठंतरी एक बारीक नळी तयार होते आहे, आणि ती रोज थोडीथोडी रुंदावते आहे.

त्या खाचेला व्ही-नॉच म्हणतात. शेजारी पट्टी लावलेली असते. खाचेवरून पाण्याची उंची मोजायची की सेकंदाला किती लिटर पाझर होतोय हे तक्त्यावरून कळतं. काटकोनी खाचेत दहा सेंटीमीटर उंचीनं पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. आणि गंमत अशी की उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, साडेपाचपटीच्याही वर जातं. म्हणजे पट्टीवर दिसणारी लहानशी वाढसुद्धा लहान नसते. चौकीदारदादांनी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणून दाखवलं. दिनांक, पातळी, पाऊस, पाझर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: निरंक. काकांनी चार पानं उलटली आणि खुशीत मान हलवली. निरंक हा शब्द इतका देखणा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आता रजिस्टर आहे, पट्टी आहे, माणूस आहे, तर तक्रार कसली? तक्रार ही की हे रजिस्टर फक्त खात्याच्या कपाटासाठी लिहिलं जातं. ज्याच्या घरात ते धरण शिरू शकतं त्याच्यासाठी नाही, आणि ज्याच्या नळाला त्याचं पाणी येतं त्याच्यासाठीही नाही.

तिवरे आठवतंय का? चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ ची रात्र. मातीचं लहान धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. धरण गळतंय अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीपासून केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि महाराष्ट्रभर त्या खेकड्यांवर विनोद झाले. मला तो विनोद तेव्हाही नीटसा हसू आणणारा वाटला नाही, आणि आता तर उलटच वाटतं. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भरावात बिळं करतात, हे अगदी खरं आहे. झाडांची मुळंही तेच करतात, म्हणून भरावावर झाड वाढू द्यायचं नसतं. पण खेकडा एका रात्रीत धरण पोखरत नाही. त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत पायथ्याचं पाणी वाढत असतं, गढूळ होत असतं. मंत्र्यांनी खेकड्याचं नाव घेतलं म्हणजे खरं तर हेच कबूल केलं की कोणी रोज बघत असतं तर हे दिसलं असतं. गावकरी बघत होते. त्यांना दिसलंही होतं. पण त्यांचं बघणं कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

पानशेतची गोष्ट वेगळी, आणि जास्त शिकवणारी. पुण्यातली आमच्या आधीची पिढी १२ जुलै १९६१ ही तारीख जन्मतारखेसारखी सांगते. तेही मातीचंच धरण होतं, बांधकाम पुरतं व्हायच्या आधीच त्यात पाणी भरलं होतं. घात झाला तो भरावाखालून पाणी सोडण्यासाठी घेतलेल्या नळाच्या जागी. त्याचं काम अर्धवट होतं. नळावरची माती बसत गेली, माथा खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास तगवलं. सकाळी ते फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला फुटलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मातीच्या धरणात जिथं दुसरं काही खुपसलेलं असतं ती जागा नाजूक. नळ, विमोचक म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट, त्याच्या दगडी भिंतीशी मातीचा सांधा. आणि पाण्यावर वीज करायची म्हटलं की पाणी धरणातून बाहेर नेणारी अशी वाट लागतेच. जायकवाडीला दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या धरणाशी १२ मेगावॅटचं वीजघर आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात भातसाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचं आहे. भातसाचं पाणी आधी जनित्र फिरवतं, मग नदीतून वाहत पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, आणि तिथं मुंबई-ठाण्यासाठी ते उपसायला पुन्हा पंपांना वीज लागते. एका हातानं काढायची, दुसऱ्या हातानं घालायची. असो, तो हिशेब पुन्हा कधीतरी. मुद्दा हा की अशा धरणांवर पाण्याची पातळी मोजली जाते, तयार झालेलं प्रत्येक युनिट मोजलं जातं, कारण दोन्हींचे पैसे होतात. मोरब्याच्या पाण्यावर तरंगती सौर पॅनेल आणि लहान जलविद्युत संच बसवायच्या गोष्टी आपल्या पालिकेतही गेली काही वर्षं चालल्या आहेत. बसवा, चांगलंच आहे. पण तो संच सुरू झाला की युनिटचा आकडा दुसऱ्या दिवशी प्रसिद्धिपत्रकात येईल, फोटोसकट. मग पाझरानंच काय घोडं मारलंय?

कमाईच्या नजरेतून धरण जितकं भरलेलं तितकं बरं. प्यायला पाणी हवं त्यालाही भरलेलंच हवं, वीज हवी त्यालाही. मातीच्या धरणाचं मात्र वेगळं म्हणणं असतं. त्याला सावकाश भरायला आवडतं. अमेरिकेत आयडाहोमधलं टेटन धरण १९७६ मध्ये पहिल्यांदा भरत असतानाच गेलं, तेही मातीचं. त्याला सावकाश रिकामं व्हायलाही आवडतं. पाणी झपाट्यानं उतरवलं तर ओल्या मातीला पुढून असलेला आधार एकदम जातो आणि आतला उतार घसरू शकतो. माथ्यावरून पाणी वाहून जाणं तर त्याला मुळीच सोसत नाही. दगडी धरण थोडा वेळ सोसेल, माती तासाभरात कापली जाते. म्हणून तर सांडवा. या सगळ्याचा अर्थ असा की "धरण भरलं" ही बातमी मातीच्या धरणाच्या बाबतीत अर्धीच असते. उरलेली अर्धी पायथ्याशी, त्या हौदात असते.

मी हे बोलायला लागलो की एक उत्तर हमखास येतं: लोक घाबरतील. उद्या कोणीतरी "मोरबे गळतंय" असं टाकेल, ग्रुपवर आग लागेल, खालची गावं रात्रीतून रिकामी होतील. भीती खोटी नाही. माझ्याच सोसायटीत एकदा पाण्याला क्लोरिनचा वास आला तर दोन तासांत विषप्रयोगापर्यंत मजल गेली होती. पण लोक आकडे शिकतात हो. क्युसेक म्हणजे काय हे कोणत्या मराठी माणसाला माहीत होतं? पुराच्या बातम्यांनी शिकवलं. मुंबई महापालिका रोज सकाळी सात तलावांचा साठा जाहीर करते, १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटरपैकी अमुक इतका, शेवटच्या तीनापर्यंत. तो वाचून कोणी घाबरत नाही, उलट जूनमध्ये पाणी जपून वापरतो. पाझराचंही तेच होईल. दोन पावसाळे आकडा रोज दिसला की लोकांना कळेल की पातळी वाढली की पाझर वाढतो, ओसरली की कमी होतो, यात नवल नाही. कान टवकारायचे ते पातळी तिथेच असून पाझर वाढला तर. किंवा पाणी गढूळ झालं तर. एवढं गणित आमच्या भाजीवालीलाही जमेल. ती तर रोज त्याहून अवघड करते.

दुसरं उत्तर सुरक्षेचं. धरण म्हणजे संवेदनशील ठिकाण, माहिती बाहेर गेली तर कोणी गैरफायदा घेईल. सेकंदाला किती लिटर झिरपतं हे कळून कोणी काय गैरफायदा घेणार, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. दरवाज्यांची चावी कुठं असते ते नका सांगू. पहारा किती, तेही नका सांगू.

हे स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोणी माझ्या नावानं भलतंच पसरवायला नको. मोरब्याला काही झालंय असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे काडीचाही आधार नाही. बहुधा तिथलं रजिस्टरही निरंकच असेल. मग तर ते दाखवायला अडचण नसावी.

आणि कायदा या बाजूचा आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून देशभर लागू झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्यात येतं, म्हणजे मोरबे तर चौपटीनं येतं. जबाबदारी धरणाच्या मालकावर, आणि मालक महापालिका असली तरी सूट नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, मोजमापाची उपकरणं, त्यांच्या नोंदी, देखभालीला वेगळा पैसा, आणि पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा. ती मुदत २०२६ च्या डिसेंबरअखेर संपते. महाराष्ट्राकडे तर नाशिकला धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून आहे. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्याकडे, त्यातली बहुतेक मातीची, तेव्हा ती असायलाच हवी होती. एवढं सगळं असून आराखडा हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे स्पायरल बाइंडिंगची जाड प्रत येते, टेबलावर ठेवून फोटो काढण्याजोगी. आराखड्याचा उपयोग कोणाला? धावरीच्या आणि पुढे पाताळगंगेच्या काठच्या माणसाला. पाणी आलं तर कुठवर येईल, कोणत्या टेकाडावर चढायचं, भोंगा किती वेळा वाजेल, हे त्याच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं हवं. आपण सीवूड्समध्ये आहोत, आपल्यापर्यंत फुटलेल्या धरणाचं पाणी येणार नाही. आपल्याला फक्त नळ कोरडा पडेल. या फरकाचं भान आपल्या शहरी जलपूजनात मला कधी दिसलं नाही.

मोरब्याच्या जलाशयावर इर्शाळगड उभा आहे. ट्रेकला गेलेल्यांनी वरून ते पाणी पाहिलं असेल, फार सुंदर दिसतं. त्याच गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. तिचा धरणाशी संबंध नाही, दरड आणि पाझर या वेगळ्या गोष्टी, हे मला कळतं. पण आपण पितो ते पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं तिथली माणसं कुठल्या यादीत आहेत नि कुठल्या नाहीत, हे आपल्याला अपघातानंतरच कळतं.

शहापूरची माझी आत्या भातसा भरू लागलं तेव्हाचे धक्के सांगायची. १९८३ मध्ये तिकडे भूकंपाचे धक्के बसत होते, सप्टेंबरातला सगळ्यात मोठा पाच रिश्टरच्या किंचित खाली होता. मांडणीवरची पितळी भांडी रात्री आपोआप वाजायची. आत्याला कोणी सांगितलं नव्हतं की धरणात पहिल्यांदा पाणी भरतं तेव्हा असं होऊ शकतं. ती म्हणायची, आम्हाला वाटलं देवी कोपली. आज तिच्या गावच्या पोरांकडे मोबाइल आहे, आणि तरी धरणाबद्दल त्यांना कळतं ते एवढंच, दरवाजे उघडले, नदीत उतरू नका. शहापूरला उन्हाळ्यात टँकर लागतो हे वेगळंच, त्यावर लिहून लिहून लोकांचे हात दुखले.

हे सगळं आत्ताच का? कारण आणखी धरणं येत आहेत. पोशीर आणि शिलार या कर्जत तालुक्यातल्या प्रकल्पांना राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मंजुरी दिली. पाणी मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांसाठी. त्यात आपलाही वाटा असणार, आणि लोकसंख्या बघता आपण तो मागणारच. मागतो आहोत तर अटही आपणच घालावी. नवीन धरणाची भूमिपूजनाची पाटी लागते तिथेच पाझराचा फलक कुठं लागणार हे ठरलं पाहिजे. आणि सुरुवात जिथं मालक आपणच आहोत तिथून व्हावी. मोरब्यासाठी शासनाकडे बोट दाखवायची सोय नाही. पातळी जाहीर करणारा जो कोणी आहे, त्यानं रजिस्टरचा पुढचा रकानाही वाचून दाखवायचा, इतकंच काम आहे. खर्च शून्य. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम असंही सांगतं की असली माहिती कोणी मागायची वाट न बघता स्वतःहून द्यावी.

मी अर्ज मात्र केला आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून, गेल्या तीन पावसाळ्यांतल्या पाझराच्या नोंदी मागितल्या आहेत. तीस दिवस अजून व्हायचेत.

दरम्यान आमच्या लॉबीतल्या फळ्यावर मी तिसरी ओळ वाढवली. आधी दोनच होत्या, मोरबे पातळी आणि पाणी येण्याची वेळ. आता खाली लिहिलंय, पाझर, आणि पुढे जागा रिकामी. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खजिनदार काकू लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या, फळ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला गेल्याच वर्षी आम्ही प्रत्येकी पंधरा हजार काढलेत.

"अहो, पाझर म्हणजे? पुन्हा कोणाच्या घरात?"